रोज वापरायची एमजीबी : एका 'परवडणाऱ्या' गाडीची चिकित्सा



समीक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुस्तक येतं, नाटक येतं, फार तर सिनेमा. आज आपण एका मोटारगाडीची समीक्षा करणार आहोत. नुसत्या गाडीची नाही, तर तिच्याभोवती गेली अनेक वर्षं जो एक दावा केला जातो त्याची. दावा असा: थोडक्या पैशांत एखादी जुनी, देखणी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार घ्या, ती झाकून ठेवून रविवारची वाट बघत बसू नका, रोज सकाळी तिच्यातूनच कामाला जा. इंग्लंड-अमेरिकेतल्या मोटारींच्या मासिकांत हे इतक्या वेळा छापून आलंय की त्याला आता स्वतंत्र लेखनप्रकारच म्हणायला हवं. साचाही ठरलेला. आधी धुक्यातली सकाळ, मग रस्त्यात एखादा बिघाड, मग मदतीला धावून येणारा भला माणूस आणि शेवटी 'काही झालं तरी हिच्यावर आमचं प्रेम आहे' अशी कबुली. प्रेमाबद्दल आमचं काही म्हणणं नाही. आम्हाला हिशेब बघायचाय.

त्यासाठी आम्ही एकच गाडी निवडली आहे, एमजीबी. ती १९६२ साली बाजारात आली आणि ऑक्टोबर १९८० मध्ये ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला तेव्हा थांबली. अठरा वर्षांत पाच लाखांहून जास्त गाड्या झाल्या आणि त्यातल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. स्पोर्ट्स कारच्या मानाने हा आकडा अवाढव्य आहे. फेरारीची किंवा ॲस्टन मार्टिनची गोष्ट करायची तर ती श्रीमंतांची गोष्ट होते. एमजीबी मात्र शाळामास्तर, तरुण डॉक्टर, विमानदळातला अधिकारी अशा पगारदार माणसांनी घेतलेली गाडी. म्हणून 'परवडणं' या शब्दाची परीक्षा घ्यायची तर ती हिच्याच अंगावर घेतली पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, ॲबिंग्डनच्या गाडीशी आमचा काय संबंध? आहे, आणि तो चांगला घसटीचा आहे. बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, यांच्याकडे 'बी-सिरीज' नावाचं एक चार सिलिंडरचं, बिडाचं, मजबूत आणि थोडं मठ्ठ इंजिन होतं. एमजीबीच्या आधीच्या एमजीए या गाडीत सुरुवातीला ते १४८९ सीसीचं होतं. एमजीबीत ते वाढवून १७९८ सीसी केलं. आणि तेच १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन कित्येक वर्षं आपल्या अँबॅसेडरमध्ये होतं. म्हणजे ज्यांनी अँबॅसेडरच्या मागच्या सीटवर बसून घाट चढलाय, त्यांनी एमजीबीच्या सख्ख्या भावाचा आवाज ऐकलेला आहे. तिकडे ज्याच्याभोवती रोमान्स रचला गेला, तेच यंत्र इकडे सरकारी साहेब आणि लग्नाची वऱ्हाडं वाहत होतं. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण एमजीबी रोज वापरता येते की नाही या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. इंजिन मुळातच रोजच्या कामाचं होतं. स्पोर्ट्स कारचा पोशाख त्याला नंतर चढवला.

पोशाख मात्र हुशारीने शिवला होता. एमजीएला वेगळी चासी होती, वर बॉडी बसवलेली. एमजीबीत चासी नाही. पत्र्याचं कवच हेच हाड आणि हीच कातडी. त्यामुळे आधीच्यापेक्षा लांबीला कमी असूनही आत जागा जास्त मिळाली, दारांना खाली-वर होणाऱ्या काचा आल्या, सामानाला मोठी डिकी आली. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. सुरुवातीची ताकद पंच्याण्णव अश्वशक्तीच्या आसपास, वजन नऊशे-साडेनऊशे किलो, कमाल वेग ताशी शंभर मैलांच्या थोडा वर. १९६४ मध्ये इंजिनाच्या क्रँकशाफ्टला तीनऐवजी पाच मेन बेअरिंगांचा आधार मिळाला. १९६५ मध्ये मागे उघडणारं दार आणि पक्कं छप्पर असलेली जीटी आली. तिच्या छपराला इटलीच्या पिनिनफारिना या कारखान्याचा हात लागला होता. १९६७ मध्ये पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश आला, डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला. थोडक्यात, जिला आपण आज 'जुनी गाडी रोज वापरण्याचं धाडस' म्हणतो, ती गाडी बनवणाऱ्यांनी रोज वापरण्यासाठीच बनवली होती. त्यात धाडस नव्हतं. धाडस काळाने त्यात घातलं.

इथे शब्दाचा एक घोळ निस्तरायला हवा. या गाड्यांना सर्रास 'व्हिंटेज' म्हणतात. ज्या इंग्लंडातून हा शब्द मोटारींना चिकटला, तिथे १९३४ साली स्थापन झालेला व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांनाच व्हिंटेज मानतो. त्या हिशेबाने एमजीबी व्हिंटेज नाही, 'क्लासिक' म्हणा. हा किस काढण्याचं कारण असं की 'व्हिंटेज' म्हटलं की गाडी देव्हाऱ्यात जाते. देव्हाऱ्यातल्या वस्तूला आपण रोज कामाला जुंपत नाही. आपल्याकडे तर कायद्यानेच तो अर्थ पक्का केलाय. त्याकडे पुढे येतो.

आता 'परवडणारी' या विशेषणाकडे वळू. इंग्लंडात चालत्या स्थितीतली एमजीबी अजूनही कुठल्याही साध्या नव्या गाडीपेक्षा खूप कमी पैशांत मिळते, आणि जीटी बहुतेक वेळा उघड्या गाडीपेक्षा स्वस्त. सुटे भाग मिळतात, इतके मिळतात की दहा वर्षांपूर्वीच्या काही गाड्यांना हेवा वाटावा. पॉइंट, कंडेन्सर, ब्रेकचे रबर, कार्बोरेटरच्या सुया, सीटची कव्हरं, सगळं पेटीबंद नवं. इथपर्यंत दावा खरा आहे. पण आपल्याकडे म्हण आहे ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. एमजीबीच्या बाबतीत मसाला म्हणजे पत्रा.

मघाशी आम्ही म्हणालो की कवच हेच हाड आहे. त्या हाडात सगळ्यात महत्त्वाचं हाड दाराखालचं. इंग्रजीत सिल, आपण उंबरठा म्हणू. बाहेरून तो एक साधा रंगवलेला पत्रा दिसतो. आत मात्र तो पेटीसारखा असतो: बाहेरचा पत्रा, मध्ये एक उभा पडदा, आतला पत्रा आणि खाली आणखी एक घडी. उघड्या गाडीला छप्पर नाही, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचं काम जवळपास या दोन पेट्यांवर आहे. या पेट्यांत चिखल आणि पाणी साचतं आणि हिवाळ्यात इंग्लंडातल्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, तेही आत जातं. मुंबईच्या किंवा कोकणातल्या गाडीमालकाला याचं वेगळं स्पष्टीकरण नको. खारा वारा पत्र्याचं काय करतो ते त्याने पाहिलेलं असतं. फरक एवढाच की इथे तो रात्रंदिवस हळू खातो, तिथे मिठाचं पाणी चाकाने उडवून थेट आतच भरलं जातं.

पेटी आतून सडते. बाहेरून कळत नाही, आणि ज्याला विकायची आहे तो कळू देत नाही. सडक्या पत्र्यावर नवा पत्रा झाकणासारखा बसवायचा, कडा वेल्ड करायच्या, वरून लांबी भरायची, रंग मारायचा. आपल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांना हे काम डोळे झाकून जमतं, तिकडच्यांनाही जमतं. नीट काम करायचं तर पुढच्या आणि मागच्या पंख्याचा खालचा भाग कापून काढावा लागतो, गाडी वाकू नये म्हणून आतून आधार द्यावा लागतो, एक-एक थर उघडून नवा घालावा लागतो. तो खर्च गाडीच्या किमतीच्या आसपास, कधी पुढेही जातो. घेण्यापूर्वीची एक जुनी परीक्षा अजून उपयोगी आहे: सिलखालच्या जागी जॅक लावून गाडी उचला आणि दाराची फट बघा. फट मिटत गेली, दार अडायला लागलं, तर समजायचं की हाड गेलंय. जॅकच पत्र्यात घुसला तर मग काही समजायचं शिल्लक राहत नाही.

(हशा)

तर या लेखनप्रकारातला सगळ्यात लाडका युक्तिवाद इथे तपासू. 'गाडी वापरली तरच टिकते, उभी ठेवली की मरते.' ऐकायला पटतं, आणि अर्धं खरंच आहे. उभ्या गाडीचे ब्रेक जाम होतात, ब्रेकच्या सिलिंडरात गंज धरतो, पेट्रोल शिळं होऊन कार्बोरेटरात चिकट थर बसतो, ऑइल सील सुकून गळायला लागतात, बॅटरी उतरते. रोज चालणाऱ्या यंत्राला यातलं फारसं काही होत नाही. पण हे झालं यंत्राचं. पत्र्याचा हिशेब नेमका उलटा आहे. प्रत्येक ओला, मिठाळ किलोमीटर पत्र्याच्या आयुष्यातून वजा होतो. यंत्राला वापर मानवतो, पत्र्याला मानवत नाही. आणि या गाडीत पत्रा हाच सांगाडा असल्यामुळे दोन्ही हिशेब एकाच वस्तूत एकमेकांविरुद्ध चाललेले असतात. हा पेच मासिकातल्या लेखांत क्वचितच दिसतो, कारण बहुतेक लेख वर्षभराच्या वापरावर लिहिलेले असतात आणि गंज वर्षाच्या हिशेबाने येत नाही. तो दहा वर्षांनी बिल पाठवतो.

यावर इंग्लंडने शोधलेला तोडगा विलक्षण आहे. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने एमजीबीचं संपूर्ण नवं कवच तयार करायला सुरुवात केली, तेही मूळ साच्यांतले जे परत मिळवता आले ते वापरून. म्हणजे सडकी गाडी घ्यायची, तिचं इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, काचा, सीट उतरवायच्या आणि नव्या कवचात बसवायच्या. बंद पडलेल्या गाडीचं अंग पुन्हा छापून मिळण्याची अशी सोय तोवर कुणी केल्याचं फारसं दिसत नाही. रोज वापरणाऱ्याला याहून मोठा आधार नाही. पण मग 'जुनी गाडी' म्हणजे नक्की काय उरलं? पत्रा नवा, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रेडिएटर नवा, वायरिंग नवं. आमचं मत विचाराल तर गाडी जुनीच राहते. कारण तिची मापं, तिचं स्टिअरिंगचं वजन, तिच्यात बसल्यावर दिसणारा रस्ता हे सगळं १९६२ चंच आहे. पण ज्याला अस्सलपणाचा सोस आहे त्याने रोज वापरण्याचा सोस सोडावा. दोन्ही एका गाडीत मावत नाहीत.

बरं, रोज वापर म्हणजे प्रत्यक्षात काय? चावी फिरवली की मागे कुठेतरी एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप भराभर टिकटिक करतो, कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की मंदावतो. हा आवाज कान देऊन ऐकायचा असतो, कारण पंपाच्या आत पॉइंट आहेत आणि ते जळले की टिकटिक थांबते. मग खाली वाकून पंपाला पान्याने हलकेच ठोकायचं. पुष्कळदा चालू होतो. चोक ओढायचा, इंजिन गरम होईल तसा हळूहळू आत ढकलायचा. दर तीन हजार मैलांनी, म्हणजे रोज वापरणाऱ्याला वर्षातून तीन-चार वेळा, गाडीखाली शिरून पुढच्या चाकांच्या किंगपिनला ग्रीस गनने ग्रीस द्यायचं. हे चुकवलं तर काही महिने काहीच होत नाही, आणि नंतर सगळं एकदम होतं. दोन कार्बोरेटर, त्यांची हवा सारखी करायची, डॅशपॉटमध्ये तेल बघायचं. पॉइंटची फट साधारण ०.४ मिलिमीटर, टॅपेटही बघायचे. तारांची चाकं असतील तर आरे आणि मधल्या खाचा, त्यांनाही ग्रीस. सुरुवातीच्या गाड्यांत बारा व्होल्टच्या एका बॅटरीऐवजी सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, आणि त्या सीटच्या मागे, फळीखाली. कुणाला रोज तिथे बघायची बुद्धी होणार?

यातलं एकही काम अवघड नाही. आपल्याकडे ज्यांनी लॅम्ब्रेटा किंवा जावा सांभाळली आहे ते हसतील. पण सोपं काम आणि कमी काम यांत फरक आहे. आजच्या गाडीला वर्षातून एकदा सर्व्हिसिंगला सोडतात. एमजीबी आठवड्याला अर्धा-पाऊण तास मागते. तो अर्धा तास कुठून येतो, हा आमचा प्रश्न आहे.

लुकासच्या विजेबद्दलचे विनोद तुम्ही ऐकले असतील. इंग्रज लोक कोमट बिअर का पितात? कारण त्यांचे फ्रीजही लुकासचे असतात. विनोद चांगला आहे, पण समीक्षेत विनोदाचीही तपासणी झाली पाहिजे. पन्नास वर्षांच्या गाडीत जे बंद पडतं त्यात मूळ सामानाचा दोष फार थोडा असतो. अर्थिंगच्या जागा गंजलेल्या, फ्यूजच्या पट्ट्यांवर हिरवट पूड, आणि मधल्या पाच-सहा मालकांनी रेडिओ, हॉर्न, फॉग लॅम्पसाठी मारलेले जोड. हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या बटणातून फिरून येतो, म्हणून उजेड पिवळट पडतो. दोन रिले बसवले, अर्थ घासून साफ केले, की निम्मे विनोद संपतात. लुकासला शिव्या घालणं सोपं असतं, कारण मग आधीच्या मालकांची वायर-टेप मोजावी लागत नाही.

या श्रमाला एक प्रतिष्ठाही मिळालेली आहे. रॉबर्ट पर्सिगचं १९७४ चं मोटरसायकलच्या देखभालीवरचं पुस्तक अनेकांनी वाचलं असेल. त्यात मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचं सैल हँडल बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी घालून घट्ट करता येईल असं निवेदक सुचवतो आणि मित्राला ते अपमानास्पद वाटतं. रोज जुनी गाडी वापरणाऱ्याने निवेदकासारखं असावं, मित्रासारखं नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण या सगळ्या परंपरेत एक गोष्ट झाकली जाते. शनिवारची सकाळ गाडीखाली घालवता येणारा माणूस म्हणजे ज्याची शनिवारची सकाळ दुसरं कुणीतरी सांभाळतंय असा माणूस. मुलांना क्लासला कोण सोडतंय, दूध कोण आणतंय, आणि गाडी वाटेत बंद पडली की कोणाच्या दुसऱ्या गाडीने त्याला आणलं जातंय? या लेखांत बायको बहुधा कपाळावर आठ्या घालून दारात उभी असते, विनोदाची जागा म्हणून. तिच्या आठ्यांत मात्र त्या गाडीचा खरा जमाखर्च असतो. शिवाय छप्पर असलेलं गॅरेज, थोडी हत्यारं, आणि उशीर झाला तर चालेल अशी नोकरी, हेही त्या 'थोडक्या पैशांत' धरलेलं नसतं. तासाच्या बोलीवर काम करणाऱ्याला ही गाडी परवडत नाही, मग ती फुकट दिली तरी.

सुरक्षेचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. १९६८ पासून अमेरिकी नियमांनी तिथल्या एमजीबीला फोमची गुबगुबीत डॅशबोर्ड-उशी आणि दबणारं स्टिअरिंग दिलं, १९७४ च्या अखेरीस काळे रबरी बंपर आले, आणि बंपरची उंची जुळवायला गाडी सुमारे दीड इंच वर उचलली गेली. त्याने दिसणंही बिघडलं आणि वळणावरचं वागणंही, जे पुढे दोनेक वर्षांनी थोडंफार सुधारलं. एवढं होऊनही आजच्या रस्त्यावर, आजच्या उंच एसयूव्हींच्या मध्ये, एमजीबीत बसलेल्या माणसाचं डोकं समोरच्याच्या बॉनेटच्या पातळीला असतं. एअरबॅग नाही, एबीएस नाही. स्वतःपुरता हा धोका पत्करण्याचा हक्क आम्ही मानतो. लहान मुलाला रोज शेजारी बसवून पत्करण्याचा मानत नाही.

पेट्रोलचंही बदललं. ही इंजिनं शिसंयुक्त पेट्रोलसाठी बनली होती. आपल्याकडे आणि इंग्लंडात ते २००० सालच्या सुमारास गेलं; तेव्हापासून हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्यावी लागते, नाहीतर जोरात पळवणाऱ्या गाडीची सीट झिजत आत जाते. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं झालं, आपण तर वीस टक्क्यांवर आलो. जुन्या रबरी नळ्या त्यात फुगतात, चिरतात. नळ्या बदलणं स्वस्त आहे. न बदलता गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल गळू देणं महाग आहे. लिटरला नऊ-दहा किलोमीटर धरा. पर्यावरणाच्या बाजूने असंही सांगितलं जातं की नवी गाडी न बनवल्याने जो धूर वाचतो तो मोठा आहे. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालवणाऱ्याच्या तोंडी हे शोभतं. रोज चाळीस किलोमीटर जाणाऱ्याने हा युक्तिवाद करू नये.

आणि आता कायदा. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला रस्ता-कर शून्य होतो. २०१८ पासून, मोठे बदल केलेले नसतील तर, वार्षिक तपासणीतूनही सूट आहे. लंडनच्या प्रदूषण-क्षेत्राच्या शुल्कातूनही ती सुटते. म्हणजे सरकार म्हणतं, वापरा. विमावाले मात्र तसं म्हणत नाहीत. जुन्या गाड्यांच्या स्वस्त पॉलिसीत बहुधा वर्षाच्या मैलांची मर्यादा असते आणि घरात रोजची दुसरी गाडी आहे का, हे विचारतात. रोज कामाला जाणार असं सांगितलं की हप्ता वाढतो. ज्याला फक्त हिशेबच कळतो त्या माणसाने 'रोज' या शब्दाची किंमत केव्हाच मांडून ठेवली आहे.

आपल्याकडे उलटं टोक. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी तरतूद आली. पन्नास वर्षांहून जुनं, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेलं वाहन. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, फेरनोंदणीला ५ हजार, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आणि अट अशी की हे वाहन नेहमीच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर चालवता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. ही नोंदणी घेतलीच पाहिजे असं नाही. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून नेहमीची नोंदणी दर पाच वर्षांनी पुढे नेता येते. पण नियमामागची दृष्टी बघा. जुन्या वस्तूचा मान राखायचा म्हणजे तिला कामावरून काढायचं. आमचा आक्षेप इथे आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीला आपण वीस वर्षांच्या वयोमर्यादेपर्यंत राबवलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची बाहेर पडली, आणि लगेच तिची आठवण जपा म्हणून सगळे हळहळले. वापरात असताना ती कटकट होती, वापरातून गेली की वारसा झाली. मधली कुठली पायरी, म्हणजे निगा राखून, नियम पाळून, थोडं-थोडं वापरत राहण्याची, ती आपल्या विचारातच नाही. ब्रिटनच्या तपासणी-सूटीच्या आम्ही विरोधात आहोत, चाळीस वर्षांच्या गाडीला तपासणी उलट जास्त हवी. पण वापरण्याची मुभा त्यांनी ठेवली, हे शहाणपणाचं आहे.

आता कुणी विचारेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा माझ्दा एमएक्स-५ का नाही घ्यायची? बरोबर आहे. १९८९ मध्ये माझ्दाने नेमकं हेच केलं: इंग्लिश उघड्या गाडीची मजा ठेवली आणि तिच्या सवयी काढून टाकल्या. १.६ लिटरचं दोन कॅमशाफ्टचं इंजिन, फ्युएल इंजेक्शन, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, एका हाताने मागे टाकता येणारं छप्पर. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. पहिल्या पिढीतल्या सुरुवातीच्या गाड्याही आता पस्तिशीच्या पुढे गेल्यात, आणि गंमत अशी की त्यांचेही सिल मागच्या बाजूने सडतात. रोज वापरायला यांतली कुठली, असा सरळ प्रश्न असेल तर उत्तरही सरळ आहे, माझ्दा. एमजीबीच्या बाजूने एकच मुद्दा उरतो आणि तो आम्हाला लहान वाटत नाही. एमजीबीत जे बिघडतं ते दिसतं, ऐकू येतं, हाताला लागतं. तिचा मालक दोन वर्षांत यंत्र शिकतो, शिकवणारा दुसरा कुणी नसताना. माझ्दाचा मालक चांगली गाडी चालवतो, एवढंच.

इंग्लंडात नोकरीला असलेल्या एका श्रोत्याने आधीच लिहून विचारलंय की घ्यायचीच झाली तर कुठली घ्यावी. सांगतो. १९६७ नंतरची घ्या, ओव्हरड्राइव्ह असलेली. उघडीचा मोह सोडून जीटी घ्या. छपरामुळे अंग घट्ट असतं, हीटरला थोडा अर्थ उरतो आणि बाजारहाटाचं सामान मागे मावतं. रबरी बंपरला नाकं मुरडू नका, त्याने किंमत कमी होते. रंगाकडे पाहू नका, सिलखाली लोहचुंबक फिरवा; जिथे चिकटत नाही तिथे लांबी आहे. पैसे देण्याआधी विमावाल्याला फोन करा आणि 'रोज' हा शब्द स्पष्ट उच्चारा. आणि पहिल्या हिवाळ्यापुरता बसचा पास काढून ठेवा.

आता प्रश्न घेऊ.